राहीचा दोर

दिवस मावळायला दोन घटका उरल्या होत्या. आषाढातली अमावास्या होती. त्या घटकेला राहीनं तापानं फणफणलेल्या आपल्या लेकीला कुंचीत गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि धुक्यात पाऊल टाकलं. धुपेघरचं सगळं तिथून सुरू झालं, असं म्हणतात.

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आज देवळापाशी जो पिंपळ आहे, त्याचं बीसुद्धा तेव्हा कुठल्या पाखराच्या पोटात असेल. धुपेघर हे गाव घाटमाथ्यावरचं, उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माळावर वसलेलं. आषाढ लागला की दरीतलं धुकं वर चढायचं आणि भाद्रपदापर्यंत मुक्काम ठोकायचं. साधंसुधं धुकं नव्हे. जेवायला बसलं तर ताटातला भात दिसत नसे. वासरू आचळाला लागलेलं असायचं आणि गाय त्यालाच शोधत हंबरायची. शेजारणीला हाक मारावी तर हाक उंबऱ्यातच भिजून पडायची, असं म्हणतात.

राही सड्याच्या पार टोकाला राहायची. दोर वळणं हा तिच्या घरचा पिढीजात धंदा. नवरा दरडीखाली गेला, तेव्हापासून तीच केकताडाची काटेरी पानं कापायची, डबक्यात कुजत घालायची, दगडावर बडवून त्यातला वाख, म्हणजे धागा काढायची आणि मांडीवर पीळ देत देत दोर वळायची. गावात असा बैल नव्हता, अशी विहीर नव्हती, असा पाळणा नव्हता, ज्याला राहीचा दोर नाही. पण राहीच्या हाताला गावातलं कुणी हात लावत नसे. त्या काळी तसं होतं. ती वेशीवरच्या दगडावर दोर ठेवायची आणि मागं सरायची. घेणारा यायचा, दोरावर पाणी शिंपडायचा आणि मग उचलायचा. दिवसच्या दिवस तिच्याशी बोलायला लेकीशिवाय कुणी नसे. लेकीचं नाव गोजरी. अजून बोबडं बोलायची.

तर त्या दिवशी गोजरीला सकाळपासून ताप होता. दुपारी ती पाणी घेईना. तिसऱ्या प्रहरी तिचा श्वास असा चालला, जसं कुणी लांबून चढण चढून आलंय. आईला असा श्वास कळतो, त्याला वैद्य लागत नाही. पण त्यावर औषध द्यायला वैद्य लागतो. अंतोबा वैद्याचं घर सड्याच्या पलीकडच्या अंगाला होतं. उघडीप असली की राहीच्या दारातून त्याच्या चुलीचा धूर दिसायचा. तेवढंच अंतर.

राही चालत राहिली. पायाखाली तोच खडक, तेच गवत.

"आई, आलं का घल?" गोजरीनं विचारलं.

"आलं बघ, आलंच."

राहीनं हाका मारल्या. हाका कुठं गेल्या कोण जाणे. खूप चालल्यावर पायाला एक दगड लागला. तिनं वाकून चाचपला, तर तो तिचाच पानं बडवायचा दगड. ती आपल्याच दारात परत आली होती. पुन्हा निघाली. पुन्हा तोच दगड. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा गोजरीनं काही विचारलं नाही.

तांबडं फुटलं, वारा सुटला आणि धुकं जरा हललं. राही बसली होती ती अंतोबाच्या गोठ्याच्या भिंतीला टेकून. अंतोबा शेणाची पाटी घेऊन बाहेर आला आणि पाटी त्याच्या हातातून पडली.

"अगं राहे, मी इथंच होतो गं," तो म्हणाला. "चुलीपुढं बसून होतो. एकदा तरी दार वाजवायचंस."

दार कुठं आहे तेच राहीला दिसलं नव्हतं. आणि गोजरी आता कुठल्याच दाराच्या पलीकडं गेली होती.

गाव म्हणालं, तिला चकवा लागला. धुक्यात एक चकवा असतो, तो माणसाला गोल गोल फिरवतो आणि दमवून मारतो. कुणी तिच्या दिशेनं लिंबू टाकलं, कुणी लांबूनच हळहळलं. राही ऐकत होती. लेकीला मातीआड केलं, कुंची तेवढी मागं ठेवली, आणि मग ती एकच बोलली, असं म्हणतात. ती म्हणाली, "चकवा नव्हता. वाटेला हात नव्हता."

त्या दिवसापासून राहीनं दुसरं काही केलं नाही. दिवाळी गेली, शिमगा गेला. ती दोर वळत होती. डोंगराचं सगळं केकताड तिनं कापून संपवलं आणि सकाळी उठून बघितलं तर सगळं पुन्हा उगवलेलं, असं म्हणतात. घरात आवाज म्हणून एवढाच, वाखाला पीळ बसतानाचा. मग तिनं सडाभर खुंट रोवले आणि दोर ताणला. प्रत्येक आळीपासून निघून विहिरीला जाणारा, वैद्याच्या दाराला जाणारा. जिथं वाट फुटते तिथं तिनं गाठी मारल्या. पाण्याकडं वळायची गाठ वेगळी, वैद्याकडची वेगळी, आणि पुढं कडा आहे, मागं फिर, हे सांगणारी तिसरी. तिनं डोळे मिटून सगळा सडा चालून बघितला. एकदाही चुकली नाही.

आषाढ आला. धुकं चढलं. पाटलीणबाई ओसरीवर बसल्या होत्या, पाण्याला निघालेल्या बायका अंगणात थांबल्या होत्या. कुणीतरी विचारलं, हिच्या दोराला हात लावायचा तर पाणी शिंपडायला नको का? पाटलीणबाई तोंडाच्या फटकळ, पण बाई मोकळी. त्या म्हणाल्या, "धुक्यात उभा दोर तो. आभाळच शिंपडतंय की दिवसभर! तू जा गुमान पाण्याला." बायका हसल्या आणि दोर धरून पाण्याला गेल्या.

पण पुढच्याच आठवड्यात बिरू धनगर कड्यावर गेला.

म्हाताऱ्या बिरूचा नातू तापला होता. दोर धरून बिरू वैद्याला बोलवायला निघाला. आयुष्यभर कुऱ्हाड आणि काठी धरून त्याच्या तळव्याची कातडी बैलाच्या खुरासारखी झालेली. गाठ लागली, त्याला ती वैद्याची वाटली. तो चालत राहिला. काठी पुढं टेकली, आणि काठी टेकलीच नाही. ती हातातून निसटली आणि खाली गेली. पडल्याचा आवाज बिरूला आला नाही. तो तिथंच बसला आणि बसल्या बसल्या मागं सरकत आला. नातू वाचला. वैद्याकडं दुसऱ्या कुणीतरी नेला. पण बिरू तडक राहीच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"तुझ्या गाठी तुलाच कळत्यात गं!" तो ओरडला. "तुझी बोटं आयुष्यभर दोरात. आमची काय दोरात हायती? मेलो आसतो की!"

जमलेले लोक राहीच्या बाजूनं बोलले, हेही खरं. ते म्हणाले, म्हाताऱ्या, तुझाच हात बधिर झालाय, तिच्या दोराला का नावं ठेवतोस? पण राही म्हणाली, "न्हाई. बिरूबाचा हात हाय तसाच राहणार. दोर चुकला माझा."

ती दोन दिवस जेवली नाही, असं म्हणतात. लेक ज्या वाटेनं गेली, त्याच वाटेनं तिचा दोर दुसऱ्याचं लेकरू पाठवणार होता. तिनं स्वतःच्या हातासाठी दोर बांधला होता. गावाचे हात तिला माहीत कुठं होते? आणि माहीत करून घ्यायचे तरी कसे? हात हातात घेतल्याशिवाय हात कळत नाही, आणि तिच्या हातात हात द्यायला गावात कुणी नव्हतं.

तेव्हा राहीनं जे केलं, ते आजवर सांगतात. एक लांब दोर घेऊन ती घरोघर गेली. अंगणाच्या बाहेर उभी राहायची, दोराचं एक टोक आत टाकायची आणि म्हणायची, "धरा. डोळे मिटा. गाठीपर्यंत या." दुसरं टोक तिच्या हातात. पलीकडचा हात कसा सरकतो, कुठं थबकतो, कुठं घाबरतो, ते दोरातून तिच्या हातात यायचं.

"डोळं मिटून आंधळी कोशिंबीर खेळायचं वय हाय व्हय माझं?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"खेळा की पाटलीणबाई. हरला तर दोष माझ्या दोराचा."

पाटलीणबाई खेळल्या, हरल्या आणि खूश झाल्या. हरलात तरी दोष तुमचा नाही, असं त्यांना तोवर कुणी म्हटलंच नव्हतं.

असं करता करता राहीला गाव कळत गेलं. घागर डोक्यावर असलेल्या बाईला एकच हात मोकळा असतो आणि तो डावा असतो. गरोदर बाईचा हात पोटाखालून निघत नाही, ती दोराला कोपर घासत चालते. पोरांचा हात दोरापर्यंत पोचतच नाही. म्हाताऱ्यांची बोटं थरथरतात, त्यांना बारीक गाठ म्हणजे नुसता खडबडीतपणा. आणि कडेवर आजारी पोर असलेली आई गाठी मोजत नाही. तिचं मन श्वासावर असतं. हे शेवटचं राहीला कुणी सांगावं लागलं नाही.

सगळ्या गावाचे हात तिनं ओळखले, आणि त्यातल्या एकाही हाताला तिचा हात लागला नाही.

मग तिनं सगळ्या गाठी सोडल्या. खाली पोरांसाठी दुसरा दोर ताणला. पाण्याच्या वळणावर गुळगुळीत लाकडी गोळा ओवला. कड्याच्या अलीकडं दोर मांडीएवढा जाड केला आणि त्यात केकताडाचे काटे खोचले. बिरूच्या तळव्यालाही ते टोचायचे. राहिली वैद्याची वाट. ती सगळ्या हातांना कळली पाहिजे आणि घाबरलेल्या हाताला सगळ्यात आधी कळली पाहिजे.

राहीनं गोजरीची कुंची काढली. तिला अजून लेकीचा वास होता. मग तिनं कुंचीच्या पट्ट्या फाडल्या आणि वैद्याच्या वळणावरच्या दोराला गुंडाळल्या. तो मऊपणा हाताला लागला की कुठल्याही आईचा हात आपोआप तिकडं वळायचा. एवढीशी कुंची, पण ती सगळ्या आळ्यांच्या वळणांना पुरली आणि राही होती तोवर एकही पट्टी कुजली नाही, असं म्हणतात.

वर्षं गेली. धुक्यात कुणी हरवलं नाही. गाव राहीचं नाव घ्यायचं, तिला धान्य द्यायचं, पण वेशीवरच्या दगडावर ठेवूनच. ती रोज सकाळी सडा चालायची आणि खुंट हलवून बघायची. कधी कधी दोर धरून नुसती उभी राहायची. लांब कुठंतरी कुणी दोर धरला की तिच्या हाताला कळायचं. तेवढीच तिची सोबत.

एका आषाढात असा वारा सुटला की मधला मोठा खुंट उपटून दरीत गेला. वारा पडला, धुकं पुन्हा दाटलं आणि त्याच दिवशी, दुपारच्या वेळी, पाटलांची धाकटी सून साळू तापलेलं तान्हं घेऊन एकटीच निघाली. दोर धरून ती सड्याच्या मध्यापर्यंत आली, आणि जिथं खुंट असायचा तिथं तिच्या हाताला हात लागला. म्हातारा, गार, घट्ट हात. एका हातात मागचा दोर, एका हातात पुढचा.

"कोण गं?" साळूनं विचारलं.

उत्तर आलं, "पोराचा श्वास बघ. पुढं हो."

साळूनं तो हात दोन्ही तळव्यांत धरला, त्याच्या आधारानं पलीकडं झाली, पुढचा दोर पकडला. मऊ पट्टी लागली, ती वळली आणि अंतोबाचं दार तिच्या कपाळालाच लागलं. तान्हं वाचलं.

साळू सगळ्यांना सांगू लागली, मला धुक्यात कुणीतरी हात दिला. कुणाचा होता, मी एकदा विचारलं, तर उत्तर आलं, पोराचा श्वास बघ, मग पुन्हा विचारायचं मला सुचलंच नाही. पाटलीणबाईंनी तेवढं ऐकलं आणि त्या चप्पलही न घालता सड्याकडं निघाल्या, असं म्हणतात. त्यांच्यामागं सगळं गाव.

उघडीप झाली. खुंटाच्या जागी राही नव्हती. तिथं एक केकताड उभं होतं. त्यातून दोन पुरुष उंच दांडा वर गेला होता आणि दोराची दोन्ही टोकं त्याला पक्की गुंडाळलेली होती. केकताड जन्मात एकदाच दांडा धरतं, फुलतं आणि वाळून जातं. हे वाळलं नाही.

आज धुपेघरला डांबरी रस्ता आहे, वैद्याच्या जागी दवाखाना आहे. तरी आषाढ लागायच्या आधी गाव दोर नवा ताणतं. ताणला की सगळ्यात आधी तो चालायला देतात गावातल्या सगळ्यात नव्या सुनेला, एखाद्या म्हाताऱ्याला आणि एखाद्या पोराला, डोळे बांधून. बाकीचे गप्प उभे राहतात. इकडं, तिकडं, असं कुणी सांगायचं नसतं. हात जिथं थबकेल तिथला दोर सोडून पुन्हा बांधतात, आणि चालणाऱ्याला कुणी हसत नाही. नळ बसवला तरी असंच करतात. दवाखान्याची औषधाची खिडकी तीनदा खाली घेतली, ती कडेवर पोर असलेल्या बाईचा हात पोचेपर्यंत. कंत्राटदार वैतागला, तर म्हाताऱ्या म्हणाल्या, राहीचा हात लागल्याशिवाय आमच्यात काही पुरं होत नाही.

लेकरू कुंचीतून मोठं झालं की त्याची आई कुंचीची एक पट्टी वैद्याच्या वळणावर बांधते. आणि केकताडापाशी आलं की शेजारी जो असेल त्याचा हात धरायचा. कुणाचा आहे ते विचारायचं नाही.

तर ऐकणाऱ्यांनो, एवढं करा. आजारी पोर घेऊन कुणी बाई तुम्हाला दवाखान्याची वाट विचारेल, तेव्हा नुसतं बोट दाखवून घरात जाऊ नका. तिच्या पोराच्या श्वासाकडं बघा आणि दारापर्यंत तिच्यासोबत चला. तिचा जीव भांड्यात पडला की तिला राहीचं नाव सांगा, आणि म्हणावं, तूही पुढं कुणाला तरी सांग.