टिळेकरांच्या बसमधला रिकामा चौकोन

"पण मग घेऊ कोणता, बुवा?"

टिळेकरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. भैरूबुवा पायरीवर बसून तळपायातला काटा काढत होते. काटा निघाला. त्यांनी तो उन्हात धरून नीट पाहिला आणि कुंपणापलीकडे फेकला.

"काय घ्यायचंय म्हणालात?"

"टीव्ही. सपाट पडद्याचा. या बसमध्ये लावायला."

"हां... टीव्ही."

घाटमाथ्यावरचा तो मठ म्हणजे तीन खोल्या, एक पडवी आणि पुढ्यात रस्ता. फाटकातून बाहेर पडून डावीकडे वळलं की पुणे, उजवीकडे वळलं की घाट उतरून कोकण. लोक इथे यायचे ते मुलीचं लग्न, भावकीची भांडणं असले प्रश्न घेऊन. टीव्ही कोणता घ्यावा हे विचारायला बसच घेऊन आलेले विद्याधर टिळेकर पहिलेच.

अर्थात टिळेकर काही खुळे नव्हते. भैरूबुवा बुवा होण्याआधी मुंबई-बेळगाव मार्गावर व्हिडिओ कोच चालवत होते, आणि त्यांच्या गाडीतला टीव्ही बावीस वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता, असं बसची बॉडी बांधणाऱ्या कराडच्या माणसाने टिळेकरांना शपथेवर सांगितलं होतं.

बावीस वर्षं, एकदाही नाही. हे ऐकून टिळेकरांना रात्री झोप लागली नव्हती.

कारण टिळेकर म्हणजे तपासणीखात्यातला माणूस. पुण्याजवळच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी यंत्रांचे सुटे भाग तपासले आणि लाल पेन्सिलीने फुली मारून परत पाठवले. नाक मुरडायचा त्यांना पगार मिळत होता. निवृत्तीनंतर पगार थांबला, मुरडणं चालूच राहिलं.

आणि त्या चौतीस वर्षांत बायकोला, मंदाताईंना, त्यांनी एकच आश्वासन दिलं होतं. रिटायर झालो की फिरू.

त्यासाठी साखर कारखान्याची एक जुनी बस घेतली. तिच्यात दोन बिछाने बसवले, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना मंदाताईंनी शिवलेले पडदे. समोरच्या फळीवर टीव्हीसाठी लाकडी चौकट ठोकली. बस तयार होऊन अकरा महिने झाले होते. अकरा महिने ती सोसायटीच्या भिंतीला टेकून उभी होती आणि टपावर कबुतरांनी संसार थाटला होता, कारण त्या चौकटीत लावण्याच्या लायकीचा टीव्ही टिळेकरांना मिळत नव्हता.

आज सकाळी केस बांधता बांधता मंदाताई म्हणाल्या होत्या, "आज ठरलं तर ठीक. नाही ठरलं तर मी उद्या नागपूरला जाते, मुलीकडे. तिथेच राहीन. बस तुम्ही भाजीवाल्याला देऊन टाका."

आवाज चढवला नव्हता. म्हणूनच टिळेकर घाबरले. मंदाताईंनी नागपूरची बॅगही भरून बसच्या दाराशीच ठेवली होती, चढता-उतरता दिसेल अशी.

टिळेकरांनी आता वही उघडली.

"हा बघा, बत्तीस इंची. चित्र झकास, पण बाजूने पाहिलं की माणसं काळी पडतात. फेटाळला. हा चोवीस इंची, थेट गाडीच्या बॅटरीवर चालतो, पण पाठीवर टिचकी मारली की झाकण वाजतं. फेटाळला. हा..."

"किती हायत असे?"

"सत्तावीस."

"आन् पास किती?"

टिळेकरांनी वही मिटली. "अजून कोणी नाही. पण निर्दोष माल असतो, बुवा. शोधणाऱ्याला दम पाहिजे."

बुवा उठले आणि बसमध्ये चढले. बॅग ओलांडून आत गेले. टीव्हीच्या रिकाम्या चौकटीवर मंदाताईंनी ओला टॉवेल वाळत घातला होता. बुवांनी तो बाजूला केला, फळीवर बुक्की मारली, कान लावून ऐकलं.

"हिच्यामागं जुन्या ट्यूबचं रबर घाला. दोन पदरी. घाटातला हादरा रबर खाईल, टीव्हीपत्तुर जाणार न्हाई. आन् टीव्हीसमोरची खिडकी झाका, न्हाईतर दुपारी पडद्यात आपलंच तोंड दिसतंय."

टिळेकर भराभर लिहून घेत होते. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना आपल्या तोलामोलाचा माणूस भेटला होता.

"तुमचा बावीस वर्षांत एकदाही बंद पडला नाही म्हणे."

"न्हाई पडला."

"बघा!"

"माझ्या मागं चाळीस माणसं बसायची," टॉवेल परत नीट पसरत बुवा म्हणाले. "बावीस वर्षांत एकानं इचारलं न्हाई, डायवर, जेवलास का."

याचा टीव्हीशी संबंध टिळेकरांना लागला नाही. त्यांनी ते वहीत घेतलं नाही.

"आन् तुमचा बंद पडला तर?"

"पडताच कामा नये, बुवा. म्हणून तर एवढा खटाटोप."

"पडला तर हुईल काय?"

टिळेकरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मंदाताई लांब नळावर पाय धूत होत्या. इथलं ऐकू जाण्याचा संभव नव्हता, तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"चौतीस वर्षं मी पाळीवर होतो. मी घरी आलो की ती झोपलेली, ती उठली की मी झोपलेलो. एरवी मुलगी होती, तिच्या परीक्षा होत्या, शेजारपाजार होता. आता इथे आम्ही दोघंच. संध्याकाळी सातला गाडी लावली, चहा झाला... पुढे मी हिच्याशी काय बोलू?"

बुवा ऐकत होते.

"दोन वाक्यांत संपेल हो सगळं. आणि मग फिरतीचे तीन महिने आम्ही एकमेकांकडे बघत बसणार. मला त्याची भीती वाटते."

एवढं स्वच्छ त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बुवा खाली उतरले, आतल्या खोलीत गेले आणि तांदळाचं अर्धं पोतं ओढत पडवीत आले. पाठोपाठ दोन ताटं आणि एक सूप आलं.

"गुरुवारचा प्रसाद हाय. निवडा."

"पण माझा प्रश्न..."

"प्रश्न घेऊन आल्यालं माणूस आधी तांदूळ निवडतंय. हितली रीत हाय. जोडीनं आलं तर जोडीनं." बुवांनी नळाकडे हाक दिली. "ताई, या की जरा."

मग ते पडवीच्या कडेला आडवे झाले आणि तोंडावर पंचा घेतला.

टिळेकरांना मनातून हे आवडलं. तपासणी ती तपासणी, यंत्राची असो की तांदळाची. त्यांनी चष्मा पुसला, पोत्यातून पाच ठिकाणच्या पाच मुठी काढल्या, ताटात पसरल्या आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"दोष नाही. पोतं पास."

मंदाताई पदर खोचून समोर बसल्या. "अहो, हे काय?"

"नमुना तपासणी. जगभर अशीच करतात."

"जगभर करू देत. तांदळातला खडा काय तुमच्या नमुन्यात येऊन बसणार आहे?" त्यांनी टिळेकरांचं पास झालेलं ताट पुढे ओढलं, बोटाने तांदूळ सारला आणि काहीतरी उचललं. "हा कोण?"

"...नजरेतून सुटला."

"आणि हा?"

"तो मागाहून आला असेल."

मंदाताईंना हसू आलं. चांगलं मोठ्याने आलं. हे हसू टिळेकरांनी इतक्या दिवसांत ऐकलं नव्हतं, की आधी त्यांनी मागे वळून दुसरं कोणी आलंय का ते पाहिलं.

मग ते मुकाट्याने मूठ मूठ तांदूळ निवडू लागले. पंचाखाली बुवा संथ घोरत होते. ते घोरणं खरं होतं की नाही, हे तपासण्याचं साधन टिळेकरांकडे नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांना एक खडा सापडला. पांढरा, तांदळाएवढा, सहज फसवेल असा. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि टाकायचं विसरले.

"मंदा, एक सांगू? चिडणार नसशील तर."

"सांगा."

"लग्न झाल्यावर आपण पिंपरीच्या खोलीत गेलो. पहिल्या दिवशी तू वरणभात केला होतास. आठवतंय?"

"त्याचं काय?"

"दुसऱ्या घासाला मला खडा लागला. हा असाच."

मंदाताईंचा हात थांबला. "मग?"

"गिळला. दाढेचा टवका उडाला. तोही गिळला. तू समोर बसलेली, तोंड एवढंसं झालेलं. चौतीस वर्षं मी समोर येईल त्याला फुली मारली, पण त्या दिवशी काही मारवेना."

मंदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता रडतात की रागावतात, याचा टिळेकर अंदाज घेत होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला तीन लागले होते."

"काय?"

"तीन. मीही गिळले. तुम्ही इतके आवडीने जेवत होतात, म्हटलं कशाला सांगा."

टिळेकर हसायला लागले आणि मंदाताईही. मंदाताईंच्या हातातलं सूप इतकं हललं, की निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत पडले. पुन्हा पहिल्यापासून निवडावे लागले. दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

मग पिंपरीची खोली निघाली. घरमालकीण निघाली, तिचं ते कानावर हात ठेवून भांडणं निघालं. मंदाताईंनी सांगितलं, की तुम्ही रात्रपाळीला गेलात की उंदरांच्या भीतीने मी रेडिओ उशाशी घेऊन झोपायचे, आणि तुम्ही यायच्या आधी जागेवर ठेवायचे. टिळेकरांना हे माहीत नव्हतं. टिळेकरांनी सांगितलं, की दुसऱ्या पाळीला सगळे साडेआठला डबा खायचे, मी एकटा आठला खायचो.

"का?"

"तू म्हणाली होतीस, मी आठला जेवते."

मंदाताईंनी मान खाली घातली आणि बराच वेळ एकाच मुठीतला तांदूळ निवडत राहिल्या. तीस-पस्तीस वर्षं ही बाई आपल्या घरात होती आणि आपण तिची नमुना तपासणीच करत राहिलो, असं टिळेकरांना वाटलं.

पोतं संपलं तेव्हा पडवीतलं ऊन भिंतीपर्यंत सरकलं होतं. टिळेकरांनी घड्याळ पाहिलं आणि कानाला लावलं. चालू होतं. तीन तास झाले होते.

मंदाताईंनी बसमधल्या शेगडीवर पिठलं टाकलं. त्या शेगडीवर शिजलेलं ते पहिलंच जेवण. भाकरी मठातल्या होत्या. टिळेकर ताट वाढून घेणार, तेवढ्यात त्यांची नजर पडवीकडे गेली. बुवा पंचा झटकत उठून बसले होते.

"बुवा," टिळेकरांनी हाक मारली, "तुम्ही जेवलात का?"

बुवांचे हात पंचावर थांबले.

"न्हाई अजून," ते म्हणाले. "जेवतो की."

आणि ते आले आणि तिघं बसच्या सावलीत जेवले. पिठल्यात मीठ थोडं जास्त होतं. टिळेकरांनी ते मंदाताईंना तिथल्या तिथे सांगितलं, मंदाताईंनी त्यांना पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं, आणि दोघंही पुन्हा हसले.

निघताना मंदाताईंनी दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि बिछान्याखाली सरकवून दिली. मग मागे न जाता त्या पुढे, टिळेकरांच्या शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

बस फाटकात आली. डावीकडे पुणे, उजवीकडे घाट. टिळेकरांनी मंदाताईंकडे पाहिलं. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली.

टिळेकरांनी उजवा दिवा लावला.

चाकं वळली, आणि तेव्हा कुठे त्यांना आठवलं. त्यांनी ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बुवा, टीव्हीचं राहिलंच! कोणता घेऊ?"

फाटकाला टेकून उभे असलेले बुवा दोन पावलं पुढे आले. इंजिनाचा आवाज होता, म्हणून तोंडाशी हात धरून म्हणाले,

"मधनंमधनं बंद पडतोय, असला बघा."