बाळासाठी धरलेला उपास

“मग काय, व्रत सोडून देऊ? पोटातल्या लेकराशी बेइमानी करू?”

मल्हारीचा आवाज चढला होता. मठाच्या ओट्यावर भागाई शेवग्याचा पाला निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“ओरड अजून. पोट रिकामं असलं की आवाज मोठा निघतो.”

मल्हारी तिचा सगळ्यांत हुशार शिष्य. पोथी तोंडपाठ, आणि हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. बायकोचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून त्यानं दिवसातून एकदाच जेवायचं व्रत धरलं होतं. एक ताट, दोन भाकरी, थोडी आमटी. गावभर नाव झालं. आज भागाईची शाबासकी घ्यायला तो आला, तर ही बाई म्हणते, कुणाला विचारून धरलंस?

त्याची बायको द्वारका मागंच राहिली होती. सहावा महिना. मठाच्या पायऱ्या अवघ्या नऊ, पण पाचवीवरच ती मटकन बसली, ती अजून तिथंच.

“हिला काय झालं?”

“चक्कर. नर्सबाई म्हणतात, रक्त सातवर आलंय, अकरा पाहिजे. महिन्याभरात चढलं नाही तर तालुक्याला नेऊन रक्त भरावं लागेल. बाळंतपणात जिवावर बेतेल म्हणतात. म्हणून तर मी उपास करतोय ना, माई!”

“गोळ्या?”

“सोसत नाहीत तिला. मळमळतं.”

“कशावर घेतेस गं पोरी?”

द्वारकानं आधी नवऱ्याकडं पाहिलं. “चहावर.”

“आणि जेवतेस कधी?”

उत्तर मल्हारीनंच दिलं, छाती पुढं काढून. “आमच्या घराची रीत आहे. नवरा उठला की त्याच्याच ताटात बायको बसते. व्रत धरल्यापासून ती वेगळं वाढूनच घेत नाही. ताटात उरेल तेवढंच खाते.”

“उरतं किती?”

“अन्न टाकायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत, माई. ताट मी लख्ख करून उठतो.”

पाला निवडणारा हात थांबला.

भागाई गुडघ्यावर हात टेकून उठली. चार पायऱ्या उतरली. द्वारकाच्या डोळ्याची खालची पापणी तिनं अंगठ्यानं हलकेच खाली ओढली.

“ये इकडं, पंडिता. आतला रंग सांग.”

“पांढुरका... चुन्यासारखा.”

मग तिनं मल्हारीचा कान धरून त्याला खाली वाकवलं आणि त्याचीही पापणी ओढली. “आता तू सांग गं.”

द्वारका निरखून बघत राहिली. तिला हसू आलं. “लालभडक आहे की हो!”

“उपास तू धरलास, मल्हारबा,” भागाई म्हणाली. “लागला कुणाला?”

मल्हारी पायरीवर बसला.

“मोडतो, माई. आजच मोडतो.”

“मोड कुणी म्हटलं? पाळ. आणखी कडक पाळ.”

ती आत गेली आणि ताट घेऊन आली. बाजरीच्या दोन भाकरी, शेवग्याच्या पाल्याची सकाळीच केलेली भाजी, मटकीची उसळ, तिळाची चटणी, लिंबाची फोड. मल्हारीनं सवयीनं हात पुढं केला. ताट त्याच्या नाकासमोरून द्वारकाच्या पुढ्यात गेलं.

“ताट एकच राहू दे. फक्त आधी ही जेवेल. ही उठली की तू बसायचं. आणि पोरी, गोळी जेवल्यावर, पाण्याबरोबर. पुढं तासभर चहाचं नाव नाही. एवढं करून मळमळलं तर नर्सबाईला सांग, गोळी बंद करू नको.”

“माई! बायकोच्या उष्ट्या ताटात मी? लोक हसतील.”

“हसू दे. हसायला फुकट असतं.”

द्वारकाचा पहिला घास बिचकत गेला. दुसरा नीट गेला. मग तिनं कुणाकडं पाहिलंच नाही. एक भाकरी संपली, दुसरीवर हात गेला. मल्हारीच्या पोटात कावळे ओरडत होते.

“माई...”

“बोल.”

“आणि काहीच उरलं नाही तर?”

भागाईनं लिंबाची फोड उचलून द्वारकाच्या भाजीवर शेवटच्या थेंबापर्यंत पिळली.

“त्या दिवशी तुझा उपास बाळाला पोचला, असं समज.”