मंदारेच्या दोन तीरांचा शाप

एका राज्यात युद्ध संपून सात वर्षे लोटली होती, तरी कोणाच्या कमरेची तलवार खाली उतरली नव्हती. तिथली राणी वेणुमती. मंदारा नदीच्या अलीकडे तिचे राज्य, पलीकडे राजा भद्रसेनाचे. युद्धात वेणुमतीचा पती पडला, दोन्हीकडची गावे जळाली, आणि जिंकले कोणीच नाही.

जिंकण्याच्या हट्टाने दोन्ही राज्यांनी धूम्रकेश नावाच्या एकाच मांत्रिकाला गुपचूप बोलावले होते. शत्रूची वाणी बिघडव, असे दोघांनीही त्याला सांगितले, आणि त्याने दोघांचेही काम केले. तेव्हापासून एका तीरावरचा माणूस बोलला की दुसऱ्या तीरावरच्याला सापाचा फूत्कार ऐकू येई. दूत गेले, ते कानांवर हात ठेवून परतले. नदीवरच्या बंधाऱ्याची दारे दोन्ही तीरांवरून, एकमेकांना हाक देत, एकदमच उघडावी लागत. हाक पोचेना, दारे उघडेनात. वरच्या अंगाची गावे बुडाली, खालची शेते करपली.

सेनापती रणधवल म्हणाला, "राणीसाहेब, आज्ञा द्यावी. बंधारा जिंकून घेऊ."

"आणि पलीकडची दारे कोण उघडेल? प्रेते?"



तेवढ्यात राजवाड्याच्या सौधावर एक भारद्वाज पक्षी उतरला आणि बोलू लागला. "राणी, शाप दोन मुखांनी मागितला, दोन मुखांनीच सुटेल. पण मध्ये तिसरा हवा. शेजारच्या तीन राज्यांकडे जा. मागतील ते दे."

"आणि भद्रसेन?"

"त्याच्याकडे माझी बहीण गेली आहे."

राणी सैन्य न घेता निघाली.

पर्वतांचा राजा हिमकेतू म्हणाला, "बंधारा खचला आहे. शंभर पाथरवट देतो. आधी भर दरबारात एक अन्याय सांग."

वेणुमती पतीच्या मृत्यूचे सांगू लागली. राजाने हात वर केला. "तो त्यांचा. तुझा सांग."

मग राणी म्हणाली, "पलीकडच्या कुंभेर गावच्या विहिरीत आम्ही विष कालवले. आज्ञा पतीची होती. मुद्रा मी उमटवली."

पाथरवट त्याच दिवशी निघाले.

समुद्रकाठच्या राणी मौक्तिकेने धान्याची गलबते देऊ केली. तिच्या आश्रयाला भद्रसेनाच्या राज्यातल्या विधवा राहत होत्या. "तीन दिवस त्यांना स्वतः रांधून वाढ," ती म्हणाली.

वेणुमती बोलली की त्या बायकांना फूत्कार ऐकू येई, म्हणून ती मुकाट्याने वाढू लागली. पहिल्या दिवशी ताटे भिरकावली गेली. दुसऱ्या दिवशी अन्न तसेच निवले. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने घास चाखला, तोंड वाकडे केले आणि उठून आमटीत चिमूटभर मीठ टाकले. मग तिने राणीलाही शेजारी बसवून ताट वाढले. घास घेताना वेणुमतीचे डोळे भरून आले.

अरण्याचा नायक तिंबल एवढेच म्हणाला, "शापाची गाठ लुटीत आहे. लूट परत कर. मी वाटांवर पहारे देईन."

युद्धातल्या लुटीची पेटी वेणुमतीच्या राजवाड्याच्या तळघरात होती. तिला हात लावून तीन पहारेकरी पाषाण झाले होते. राणीने ती उघडली. एका पाचूच्या हारावर तिची नजर रेंगाळली मात्र, बोटे दगडाची झाली. "हे माझे नव्हे," ती स्पष्ट म्हणाली. बोटे मऊ झाली, पहारेकऱ्यांनीही श्वास घेतला.

ठरल्या दिवशी हिमकेतू, मौक्तिका आणि तिंबल हे तिघे शेजारी बंधाऱ्याच्या मध्यावर उभे राहिले. भद्रसेनही आपल्याकडची लूट घेऊन आला. पेट्या समोरासमोर ठेवल्या गेल्या. वेणुमतीने कुंभेरचा अपराध सांगितला. भद्रसेन बोलू लागला; आधी नुसता फूत्कार, मग त्यातून शब्द फुटले, "...पांढरे निशाण दाखवून तुझ्या पतीला जवळ बोलावले, आणि मारले."

हे तिला ठाऊक नव्हते. तिचा हात तलवारीकडे गेला. मागे रणधवलाचाही गेला.

मौक्तिकेने विचारले, "ऐकू आले, राणी?"

"आले." वेणुमतीचा हात मुठीवर होता. मग तो तिने काढून घेतला. "भद्रसेना, याचा न्याय होईल. माझाही होईल, तुझाही होईल, पाच राज्यांसमोर होईल. आधी दारे उघडू."

"उघडू," भद्रसेन म्हणाला.

आपल्या तीरावर जाऊन तिने हाक दिली. पलीकडून हाक आली, लख्ख माणसाची. दारे एकदम उचलली गेली आणि मंदारा गर्जत खाली धावली.

पुढे पाच राज्यांची सभा तिथेच न्यायाला बसली. भद्रसेनाने मुकुट उतरवून पुतणीच्या माथी ठेवला. वेणुमतीने वर्षभर कुंभेरात राहून नव्या विहिरी खोदल्या. धूम्रकेशाला मात्र पुढे कोणत्याच राज्यात काम मिळाले नाही.

असे हे घडले. सांगणाऱ्याची वाणी आणि ऐकणाऱ्याचे कान निर्मळ राहोत.