लाल ब्लॉकची रेघ

वकील प्रतापराव घोरपडे म्हणतील ती पूर्व दिशा. बंगल्याच्या फाटकापासून दारापर्यंत पेव्हर ब्लॉक बसत होते, तेव्हा त्यांनी मिस्त्रीला फर्मावलं, “मधोमध लाल ब्लॉकची रेघ घाल. डावी बाजू माझी, उजवी धाकट्याची. कुणी कुणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही.”

धाकटा भाऊ मान फिरवून उभा राहिला.

पायरीवर बसलेली आजारी आई म्हणाली, “घाल बाबा रेघ. प्रताप, माझी तिरडी त्या रेघेवरूनच न्या. पुढचा एक खांदा तुझा, एक त्याचा. मी मेल्यावर तरी दोघं बरोबर चालाल, आणि हद्दही मोडणार नाही.”

वकिलांनी मिस्त्रीला हातानेच ‘रेघ नको’ अशी खूण केली. मिस्त्रीने लाल ब्लॉक टेम्पोत परत चढवले.

दिवाळीआधीच आई त्या वाटेने गेली. पुढे दोघे भाऊ होते आणि पायाखाली रेघ नव्हती.