आकाशमूठ

एका राज्यात, आणि राज्याचं नाव विचारू नका, नाव कळलं की तिथली माणसं ओळखीची वाटू लागतात, तर एका राज्यात एक चाल होती. चुलीवर भात चढवण्याआधी घरची बाई मूठभर तांदूळ बाजूला काढी आणि दारातल्या मडक्यात टाकी. त्या मुठीला आकाशमूठ म्हणत. राजाचे शिपाई घरोघरची मडकी रिकामी करून नेत, आणि ते सगळे तांदूळ अंतराळी खाई.

अंतराळी म्हणजे राज्याची पक्षीण. पंख पसरले की निम्म्या नगरावर सावली पडे. ती माणसासारखी बोले, पण विचाराल तेवढंच. पोटभर खाऊन ती उडे, ती ढगांपलीकडे, वाऱ्यापलीकडे, थेट चांदण्यांत. परत आली की सारं नगर वेशीवर जमे, आणि बाप बाजारातून आल्यावर पोरं विचारतात तसं एका सुरात विचारी, "काय आणलंस?"

ती चोच उघडी. दगड पडे.

एवढंच. कधी काळा, कधी करडा. वेशीबाहेर त्या दगडांची टेकडी झाली होती. शेळ्या तिच्यावर चढत, आणि त्याखेरीज तिचा काही उपयोग कुणाला सापडला नव्हता.

त्यातच राज्यातली मुलं वाढेनाशी झाली. खायची, हसायची, रांगायची, पण तिळभर वाढायची नाहीत. राजा वीरभान आणि राणी सुवेला यांची लेक उर्वी, तिचंही तेच. राणीनं तिच्या झबल्यांना खाली चार बोटं दुमड घातली होती, वाढेल तशी उसवायला. दुमडीसाठी छोटी कात्री सदा कमरेच्या बटव्यात ठेवी. कापड विरलं, दुमड तशीच राहिली. दर पौर्णिमेला राणी बाळाला तराजूत घाली, पलीकडच्या पारड्यात नारळ. दर वेळी तेवढेच नारळ. मग ती दाईला विचारी, "गाल जरा भरलेत ना?" दाई म्हणे, "भरलेत हो." आणि राणीला वाटे, ही आपली समजूत काढतेय. दाई 'नाही' म्हणाली असती तर राणी जेवली नसती, तो भाग वेगळा.

राजमांत्रिक होता ध्वांत. बारशाला प्रत्येक बाळाच्या कमरेला राजवाड्याकडून काळा दोरा जाई, तो मंत्रून देण्याचं काम त्याचं. त्याचा प्रभाव असा, की दर अमावास्येला तो बोटभर उंच होई. दरबाराचे दरवाजे त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा उंच करावे लागत.

एके दिवशी ध्वांत वाकून दरबारात आला.

"महाराज, अंतराळीची नजर वरून पाळण्यांवर पडते. मुलं जिवंत आहेत ती माझ्या दोऱ्यामुळे. पक्षीण माझ्या स्वाधीन करा. तिचे पंख छाटतो."

राजा वीरभान भला माणूस. एका बाजूचं ऐकलं की त्या बाजूचा होई, दुसऱ्या बाजूचं ऐकलं की तिचाही. तो म्हणाला, "पण आजोबांच्या काळापासून ती उडते आहे."

"कशासाठी उडते, ते कुणी सांगेल?"

आजोबांना माहीत असावं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

"तर तीन उड्डाणं द्या," ध्वांत म्हणाला. "पहिल्या वेळी तिनं आकाशातून अन्न आणावं, दुसऱ्या वेळी वस्त्र, तिसऱ्या वेळी निवारा. माणसाला लागतं ते एवढंच. नाही आणलं, तर पक्षीण माझी."

हे राणीला पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? आणि पटल्यावर लगेच भीती वाटली, कारण ध्वांताचं बोलणं तिला नेहमी ऐकताना पटे आणि घरी गेल्यावर टोचे.

अंतराळी पहिल्यांदा उडाली, परतली. लोकांनी विचारलं, "काय आणलंस?" दगड पडला. कुणीतरी तो चावून पाहिला. दात पडला.

ती दुसऱ्यांदा उडाली. या वेळी चोचीतून राखेसारखी माती गळली. "नेसा आता ही!" गर्दीतून एक म्हातारी ओरडली, आणि माणसं हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

तिसऱ्या उड्डाणाआधी शिपाई रिकाम्या हातांनी आले. म्हणाले, वेशीजवळची सगुणा मूठ देत नाही. ती टोपल्या विणते, तिचं बघून साऱ्या आळीनं मडकी पालथी घातली आहेत. आणि पोट भरल्याशिवाय अंतराळी वाऱ्यापलीकडे जाऊ शकत नाही.

राणी उर्वीला कडेवर घेऊन स्वतः गेली. सगुणाच्या कडेवरही मुलगी होती. दोन्ही बाळं एकमेकींकडे पाहत राहिली.

"राणीसाहेब, मडकं बघायला आलात? बघा. घरात शेवटची मूठ आहे. पाखराला देऊ की हिला?"

"हिला द्यावी, असं वाटतं खरं."

"मग झालं की."

"पण मूठ कमी पडली आणि अंतराळीला जाता आलं नाही, तर 'गेली असती तर?' असं आयुष्यभर वाटत राहील."

"तुम्हाला वाटेल. आम्हाला भूक लागेल."

वाड्यातले तांदूळ आणवावेत, तर आकाशमूठ ज्या घरची त्याच घरची लागे, दुसऱ्याची चालत नसे. तोही आजोबांचाच नियम. राणी तशीच उभी राहिली. शेवटी सगुणानंच मूठ मडक्यात टाकली. रागानं टाकली, काही दाणे बाहेर सांडले.

"घ्या. तुमचं पोर पण वाढत नाही, म्हणून. राणी आहात म्हणून नव्हे."

सगुणाचं बघून आळीनंही मडकी सुलटी केली, आणि अंतराळी तिसऱ्यांदा उडाली. परतली तेव्हा पिसं होरपळलेली होती, एक पाय वाकडा. सारं राज्य वेशीवर. ध्वांत हातात साखळी घेऊन, ताडाएवढा, सगळ्यांच्या वर.

"काय आणलंस?"

तिनं चोच उघडली. या वेळी दगडही नव्हता.

एकच कल्लोळ झाला. ध्वांत साखळी उलगडत पुढे झाला. राणी मधे आली, ती धीटपणानं नव्हे, तर पक्षिणीचे डोळे पाहून. उशिरा घरी आलेल्या लेकराला विचारावं तसं तिच्या तोंडून गेलं, "दमलीस का गं? काय पाहिलंस तिकडे?"

अंतराळीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली,

"वर फार काही नाही. अंधार आहे, गारठा आहे. मग मी मागे वळून पाहिलं. आपलं राज्य तळहाताएवढं होतं, दुर्वांच्या जुडीसारखं हिरवं. प्रत्येक पाळण्यातून एक काळा दोरा वर निघाला होता. सगळे दोरे एका मुठीत गेले होते. मूठ दोरे ओढत होती, आणि मुठीचा मालक वाढत होता."

ध्वांत हसला. "खोटं! दोरा कमरेला गाठ मारून संपतो. सगळ्यांनी पाहिलंय."

"खालून तसंच दिसतं," अंतराळी म्हणाली.

"राणीसाहेब, दोरा तोडलात तर हिची नजर लागून बाळ जाईल," ध्वांत म्हणाला.

राणीनं पक्षिणीला विचारलं, "तुझं चुकत असलं तर?"

"मग चुकलं. मी फक्त पाहिलं."

आता सांगा, काय करावं? तो दोरा राणीनं स्वतःच्या हातानं बांधला होता. जुना झाला की नवा बांधला होता, एकदा तर भीतीनं दुहेरी. एकीकडे बाळ वाचतंय म्हणणारा, दुसरीकडे दगड आणणारी. राजा म्हणाला, "आधी दुसऱ्या कुणाच्या मुलावर करून पाहू." सगुणानं आपलं पोर छातीशी घट्ट धरलं. ते राणीला दिसलं.

"नको," राणी म्हणाली. "मूठ आधी तिची घेतली. दोरा आधी माझा."

बटव्यातली कात्री निघाली. पहिल्यांदा झबलंच कापलं. दुसऱ्यांदा दोरा तुटला.

उर्वीनं टाहो फोडला. मग तिनं तोंड फिरवून फिरवून दूध शोधलं, आणि असं ओढून प्यायला लागली, जसं याआधी कधीच प्यायली नव्हती. पिता पिता तिची पावलं झबल्याबाहेर आली.

मग साऱ्या वेशीवर दोरे तुटले. दातानं, विळीनं, सापडेल त्यानं. एकेक दोरा तुटे तसा ध्वांत खाली येई. घोड्याएवढा झाला, शेळीएवढा झाला, शेवटी साखळीच्या ढिगात एक तान्हं बाळ रडत राहिलं. त्याला उर्वीचं फाटकं झबलं बरोबर बसलं. कुणीतरी सांभाळायलाच हवं होतं, म्हणून आया पाळीपाळीनं सांभाळू लागल्या.

मुलं वाढू लागली. टोपल्या विणणाऱ्यांना मोठ्या पाळण्यांची मागणी आली. राणी सूपभर तांदूळ घेऊन सगुणाकडे गेली.

सगुणानं सूप ठेवून घेतलं. "बरं केलंत. पण मूठ दिली त्या दिवशी माझी पोर उपाशी निजली, राणीसाहेब. तो दिवस काही भरून येत नाही."

"नाही येत."

"आणि पाखरानं काही पाहिलं नसतं तर?"

"तर मी इथे कोणत्या तोंडानं आले असते, मला माहीत नाही."

"पुन्हा उडवणार?"

"उडवणार बहुतेक. पण शिपाई येणार नाहीत. ज्याला द्यावीशी वाटेल त्यानं द्यावी."

तेव्हापासून सगुणा एखाद्या वर्षी मूठ देते, एखाद्या वर्षी मडकं पालथं घालते, आणि दोन्ही वर्षी तिचं बरोबर असतं. राणीचाही हात रोज मडकं आणि पातेलं यांच्यामधे क्षणभर थांबतो.

पुढच्या वेळी अंतराळी फारच लांबून आली. वेशीवर लोक जमले. उर्वी आता आईचा पदर धरून उभी राहत होती.

"काय पाहिलंस?" सगळ्यांनी विचारलं.

पक्षीण म्हणाली, "अजून नीट कळलं नाही."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. राणीनं सुस्कारा टाकला.

"बरं," ती म्हणाली. "आधी जेवून घे."

त्या राज्यात मुलं वाढली, झबल्यांच्या दुमडी उसवल्या. तुमच्याही घरी उसवोत.