कुंभाराची हौसा म्हणे

फार वर्षांपूर्वी, आपल्या आंबेदऱ्याला जेव्हा धड पायवाटही नव्हती आणि बाजाराला जायचं तर डोक्यावर पाटी घेऊन अख्खा डोंगर उतरावा लागे, तेव्हा कुंभारवाड्यात हौसा नावाची एक बाई राहत होती. ती गाणी रचायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी बापाबरोबर चिखल तुडवताना पायांच्या ठेक्यावर ती काहीबाही गुणगुणायची, आणि तेच पुढे गावाच्या तोंडी बसलं.

बापाने तिला मातीचं तुणतुणं करून दिलं. तुणतुणं लाकडाचं असतं हे त्यालाही ठाऊक होतं, पण कुंभाराला हाताशी असते ती माती. त्याने उभट मडकं घडवून भाजलं, तोंडाला कातडं ताणलं आणि एक तार बांधली. हौसाने ती तार पहिल्यांदा छेडली तेव्हा गावातल्या घराघरातली रिकामी मडकी तिच्या सुरात घुमली, असं म्हणतात.

तिचा नवरा गाण्याला कंटाळून निघून गेला. बायको गप्प बसत नाही अशी तक्रार पुष्कळ नवरे करतात, हा एकटाच खरोखर गेला. हौसा आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी त्याच्यावरही गाणं रचून मोकळी झाली. मग तुणतुणं खांद्याला लावून ती बाजारोबाजारी, जत्रेजत्रेला पायी हिंडू लागली. कुणी पसाभर ज्वारी घातली तरी ती गायची, नाही घातली तरी गायची. लेकी सासरी जाताना, म्हातारी माणसं जाताना, विहिरीला पाणी लागताना, लोकांना तिचंच गाणं लागायचं.

त्या काळची एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव यायचं. पण रचणारा कुणा धन्याच्या पदरी असला, तर त्याच्या जागी धन्याचं नाव यायचं. हौसा कुणाच्याच पदरी नव्हती. तिचं शेवटचं कडवं ‘कुंभाराची हौसा म्हणे’ असंच सुरू व्हायचं. तिला मूलबाळ नव्हतं, वावर नव्हतं. आपल्यामागे एवढे तीन शब्द तरी राहतील, यावर तिचा जीव होता.

गढीवरच्या जहागीरदाराला हेच खुपायचं. लांबलांबचे पाहुणे त्याच्याकडे यायचे ते तिची गाणी गुणगुणत. त्याने तिला बोलावून घेतलं. वर्षाचं धान्य देतो, राहायला घर देतो, शेवटच्या कडव्यात माझं नाव घाल, म्हणाला.

‘‘सरकार, मडकं इकत मागा, देते,’’ हौसा म्हणाली. ‘‘पर त्याच्या बुडाला माझ्या बोटांचे ठसे हायेत, ते कसं पुसू?’’

आणि ती उठून आली. हे त्याने मनात धरलं.

पुढे लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला. विहिरी आटल्या, झाडांची साल लोकांनी उकडून खाल्ली. गावाची ज्वारी होती ती गढीच्या आवारातल्या पेवात, जमिनीखाली. जहागीरदाराने पेवावर शिळा ठेवली आणि दवंडी पिटवली: हौसाची सगळी, बावीस गाणी माझ्या नावाने होतील त्या दिवशी पेव उघडेल.

गावातलं कुणी हौसाला एक शब्द बोललं नाही. ते न बोलणंच तिला फार झालं. एके दुपारी तिची बालमैत्रीण बायजा दारात येऊन बसली. मांडीवर दीड वर्षांची ठकी होती. पोरीला रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

‘‘हौसे, म्या मागाया न्हाई आले,’’ बायजा म्हणाली. ‘‘गानी तुझी हायेत. निस्तं हितं बसू दे. घरात बसवत न्हाई.’’

हौसाने ठकीच्या तोंडात ओलं बोट घातलं. पोरीने ते चोखलं, इतकं हळू की हौसाला ते जेमतेम जाणवलं. मग तिने तुणतुणं उचललं आणि गढीची वाट धरली.

जहागीरदार पक्का होता. नुसत्या शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने देवळासमोर सारं गाव उभं केलं आणि सगळ्यांना बेल-भंडारा उचलायला लावला, की या गाण्यांत हौसाचं नाव यापुढे कुणाच्याही तोंडून येणार नाही, पिढ्यान्‌पिढ्या. मग हौसा गायला बसली. बावीस गाणी, आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याचं नाव. दर गाण्यागणिक तुणतुण्याचा आवाज बसत गेला. बाविसाव्या गाण्याला तार हलत होती, पण आवाज येत नव्हता. पेवावरची शिळा सरकली. लोक खाली उतरून ओंजळी भरत होते आणि रडत होते. हौसा एकटी घरी आली. कुणी तिला थांबवलं नाही, कारण लाजेने कुणाची मान वर होत नव्हती.

त्यानंतर हौसा गायली नाही. बोललीसुद्धा नाही. गावाला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. तो राग नव्हता, ती आतून रिकामी झाली होती. ती चाकावर बसे आणि मडकी करी. तिच्या मडक्यात पाणी ओतलं की आतून कुणीतरी हुंदका आवरल्यासारखा आवाज येई, असं म्हणतात. सोळा वर्षं अशी काढून एका सकाळी ती चाकापाशीच गेली. चाक मात्र सांजवेळेपर्यंत आपोआप फिरत राहिलं.

त्याच वर्षी ठकीचं लग्न झालं. हो, तीच ठकी. हौसा होती तोवर लाजेने कुणी तिचं गाणं तोंडी घेतलं नव्हतं, पाठवणीला बायकांनी ते पहिल्यांदाच धरलं:

कच्च्या ग घड्यामंदी, बाई पानी भरू नका,
लेक निघाली सासरी, मागं हाक मारू नका.

म्हणता म्हणता शेवटचं कडवं आलं आणि बायका अडल्या. हौसाचं नाव घ्यावं तर बेल-भंडारा आडवा येई. जहागीरदाराचं घ्यावं तर जीभ उचलेना. कुणी कुणाकडे बघेना. तेव्हा नवरी उठली. हौसाच्या घरातलं ते मुकं तुणतुणं बायजाने जपून ठेवलं होतं, ते ठकीने आणलं आणि मधोमध बसून एकदाच तार छेडली. सोळा वर्षं न वाजलेली तार वाजली. मांडवातल्या लग्नाच्या उतरंडी, माजघरातल्या घागरी, रांजण, सगळं घुमलं. बायजा जमिनीवर कोसळून रडली, आणि तिच्याबरोबर सारं गाव रडलं.

तेव्हापासून आंबेदऱ्यात ही बावीस गाणी शेवटच्या कडव्याशिवाय म्हणतात. कडव्याची जागा आली की सगळे गप्प होतात, तार एकदाच छेडतात, आणि तिचा आवाज पुरता विरेपर्यंत पाहुणासुद्धा हलत नाही. तुणतुणं मातीचंच लागतं. ते फुटलं की नवरीकडचा कुंभार नवं करतो, आणि बुडावरचे बोटांचे ठसे पुसत नाही.

जहागीरदाराचं नाव काय होतं ते मला विचारू नका, कुणालाच आठवत नाही. आणि गाण्यात जिचं नाव घ्यायचं नाही, ती आपल्याला कशी ठाऊक, असं विचाराल, तर बेल-भंडारा गाण्यापुरता उचलला होता. म्हणून पाठवणीचं गाणं संपलं की आमच्याकडे कुणीतरी म्हातारं माणूस खाली बसतं, पोराबाळांना जवळ ओढतं आणि ही गोष्ट सांगतं. आज ते माझ्याकडे आलं. तिचं नाव हौसा होतं. कुंभाराची हौसा.