दहावा शब्द

कोकणात एका खाडीकाठच्या गावी एकदा एक वृद्ध हजान राहत असत. हजान म्हणजे बेने इस्रायल लोकांच्या, आपल्या कोकणातल्या यहुद्यांच्या, प्रार्थना चालवणारे पुरोहित. गावात त्यांचे टुमदार सिनेगॉग होते. शेजारपाजारचे लोक त्याला इस्रायलांची मशीद म्हणत, आणि इस्रायलही तेच म्हणत.

शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, सुरू होतो. त्या सायंकाळची सामुदायिक प्रार्थना दहा प्रौढ पुरुष जमल्याशिवाय होत नाही, असा धर्माचा नियम. कुटुंबे एकामागून एक मुंबईला गेली, काही थेट इस्रायल देशात गेली, आणि गावात उरले नेमके दहा. शेजारच्या गावी असाच एक शुक्रवार चुकला, मग दुसरा चुकला, आणि आता तिथल्या दाराला कुलूप आहे. त्यामुळे या दहांना एकमेकांच्या पडशाखोकल्याचीही धास्ती वाटे.

या दहांत हनोखशेठ होते. खोबरेल तेलाचे दुकान, माप चोख, स्वभाव मवाळ. शुक्रवारी मशिदीत सर्वांच्या आधी पोचणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता. आता आम्हा दुकानदारांना विचाराल, तर दिवेलागणीच्या ऐन गर्दीत दुकान बंद करणे हे एकट्या माणसाचे काम नव्हे. ते काम त्यांची पत्नी सेगुलाबाई करीत. ऊन उतरले की त्या दुकानासमोर येऊन उभ्या राहत.

"अहो, सोडा आता ते गिऱ्हाईक! देवाला ताटकळत ठेवून कुणाचं तेल मोजताय?"

गिऱ्हाईकच हसून म्हणे, "निघतो, बाई. नाहीतर मलाही टोपी घालून मशिदीत न्याल."

धुतलेला पांढरा सदरा घरी तयार असे. कुणाचा नवस फेडायचा असला तर मलिद्याचे, म्हणजे गोड प्रसादाचे, पोहे सेगुलाबाईंनीच भिजवायचे, मशिदीतला पडदा त्यांनीच धुवायचा. या धबडग्यात तीन मुले शिकवून मार्गी लावली. "आमच्या घरामुळे शुक्रवारी कधी खाडा पडला नाही," हे त्या ज्या तोऱ्यात सांगत, तो त्यांना शोभून दिसे.

एके वर्षी विहिरीच्या पायरीवरून त्या घसरल्या आणि कमरेचे हाड मोडले. अंथरुणातून हलायची सोय राहिली नाही. शुक्रवार आला. हनोखशेठ दुकान बंद करून खाटेशी येऊन बसले.

"सदरा घाला," सेगुलाबाई म्हणाल्या.

"अगं, तुला पाणी हवं झालं तर? आज नाही जात मी."

"कंबर माझी मोडली आहे. मशिदीचीही मोडायची आहे का? उठा!"

त्यांनी खाटेवरूनच शब्बाथचा दिवा लावला. वात हनोखशेठांनी पुढे धरली. मग ते गेले.

मशिदीत हजानबाबांचा तरुण शिष्य दाराशी घुटमळत होता. शेठ दिसताच त्याचा चेहरा उजळला. "आले! याला म्हणतात निष्ठा!" त्याने सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले.  वहाणा शेठांनी उंबऱ्याशी, तोंड रस्त्याकडे करून काढल्या आणि दारालगतच उभे राहिले.

आता, इस्रायल लोक माणसांना एक, दोन, तीन असे मोजत नाहीत. ते अशुभ मानतात. दहा शब्दांचे एक पवित्र वचन आहे. प्रत्येकाकडे पाहून त्यातला एकेक शब्द उच्चारायचा. वचन पुरे झाले की दहा पुरे. हजानबाबांनी स्वतःपासून आरंभ केला. नववा शब्द झाला. ते हनोखशेठांसमोर आले, त्यांच्याकडे पाहिले, आणि थांबले.

"दहावा आलेला नाही," ते म्हणाले, आणि सरळ बाहेर चालू लागले.

हनोखशेठांचा चेहरा उतरला. शिष्य मागे धावला. "हजानबाबा, शेठ समोर उभे होते! एवढ्यासाठी शुक्रवार मोडायचा?"

बाबा हनोखशेठांच्या घराकडे, तेल्याच्या आळीत वळले. गोंधळलेले बाकीचे त्यांच्यामागून. सेगुलाबाईंना ओसरीवरच्या खाटेवरून दारात सगळी मंडळी दिसली, आणि बाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. "अहो, खाडा पडला ना? माझ्यामुळे पडला ना?"

हनोखशेठ पुढे झाले आणि खाटेच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. हजानबाबांनी तिथे, त्या ओसरीवर, वचन पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. शेवटी शेठांकडे पाहिले आणि दहावा शब्द ठणठणीत आवाजात उच्चारला. प्रार्थना सुरू झाली. शब्बाथ लागल्यावर हातात पुस्तक घेऊन रस्त्याने जायचे नसते, म्हणून सारे पाठ म्हटले गेले.

प्रार्थना संपली. मनुकांच्या सरबताचा प्याला फिरत असताना शिष्याने हळूच विचारले, "बाबा, तिथे नऊ आणि इथे दहा, हे कसे?"

"तिथे हनोखचा देह आला होता," हजानबाबा म्हणाले. "कान इथे खाटेशी राहिले होते. अर्ध्या माणसावर मी पूर्ण शब्द कसा खर्च करू? आणि तू निष्ठा म्हणालास, ती कोणाची? त्याला इथून उठवून पाठवले कोणी? इतकी वर्षे या बाईने आपल्याला दहावा माणूस दिला, आणि आपण तो घेऊन दार लावून घेतले. भिंतींना दहा माणसे लागतात, बाळा. पण दहा माणसे जमली की कुठल्याही भिंती चालतात. तिला उठता येईपर्यंत आपली मशीद इथे."

शिष्याने मान खाली घातली. मग प्रथेप्रमाणे, शब्बाथच्या रात्री पतीने पत्नीचे जे स्तवन म्हणायचे असते, ते हनोखशेठांनी धरले. त्यात एकेक करून बाकीचे नऊही आवाज मिसळले.

सेगुलाबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला. "एवढे पुरुष एका बाईची स्तुती करतात म्हणजे हाड आधीच मोडायला हवं होतं," त्या म्हणाल्या. सगळे हसले. त्यांनी मात्र खाटेवर पडल्यापडल्या मान ताठ केली. "माझ्या सासूबाईंच्या काळातही आमच्या ओसरीवर मशीद आली नव्हती. मुलांना कळवा. आणि हो, इस्रायलला गेलेल्यांनाही कळवा."

ज्या घराच्या जिवावर सभा भरते, त्या घरी सभेने कधीतरी आपल्या पायांनी चालत जावे.